इंग्रजी वाक्यांतील नकार



इंग्रजी लिहितांना आपल्या मुलांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात. 'ही गोज' च्या ऐवजीं 'ही गो' लिहिलें तर परीक्षक अर्धा गुण कापील. पण जाणारा मनुष्य जातोच. एखादें 'दि' गळलें, 'इन' च्या जागीं 'ऑन' पडलें, तरी वाचणारास अर्थ लागतो. नकाराची चूक मात्र या जातीची नाहीं. नकार एक जास्त पडला किंवा एक गळला कीं वाक्य सरळ उलटें होतें, आणि तें उलटें झालें आहे हें त्याच्या तोंडावरून पुष्कळदां कळतही नाहीं. भाडेचिठ्ठींत, नोकरीच्या करारांत, दवाखान्यांतील प्रश्नोत्तरांत असें एखादें वाक्य पडलें तर केवढा घोटाळा होईल, याची कल्पना करावी. म्हणून इंग्रजींत नकार कसा बसवावा, व आपल्या मराठी मनाला तो कोठें अडखळवितो, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

मी ज्या वसई तालुक्यांत राहतों, त्याचें या विषयाशीं जुनें नातें आहे. वसईजवळ तर्खड नांवाचें एक गांव आहे. मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें घराणें मूळचें तेथलें. दादोबांचा जन्म १८१४ सालचा, मुंबईचा. आणि त्यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८३६ सालीं, म्हणजे त्यांच्या वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं छापून निघालें. त्यांचे बंधु डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक. आत्मारामपंतांची कन्या अन्नपूर्णा हिनें १८७८ सालीं तरुण रवींद्रनाथ ठाकुरांना, ते विलायतेस जाण्यापूर्वीं, मुंबईंत इंग्रजी संभाषणाचे धडे दिले होते, ही गोष्ट आपल्यापैकीं कित्येकांना ठाऊक असेल. आणि ज्या पुस्तकाच्या आधारें महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांनीं इंग्रजी वाक्य जुळवावयास शिकून घेतलें, ती भाषांतर पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. मराठी वाक्य पुढें ठेवावें आणि त्याचें इंग्रजी करावें, ही तिची पद्धत. आजकाल या पद्धतीला नाकें मुरडण्याची चाल पडली आहे. इंग्रजी शिकावयाचें तर मराठी विसरा, असा उपदेश ऐकूं येतो. बाकीच्या गोष्टींविषयीं मी वाद घालीत नाहीं. पण नकार शिकावयाचा तर दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं ठेवल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें माझें ठाम मत आहे.

कारण मराठीची श्रीमंती. आपल्याजवळ नकाराचे किती शब्द आहेत पाहा. 'येथें रस्ता नाहीं' आणि 'हा रस्ता नव्हे' यांत केवढें अंतर आहे! पहिल्यांत रस्त्याचें अस्तित्वच नाकारलें. दुसऱ्यांत रस्ता आहे, पण तो हा नव्हे, एवढेंच सांगितलें. आचार्य अत्रे यांनीं आपल्या १९६२ सालच्या नाटकाला 'तो मी नव्हेच' असें नांव दिलें. तेथें 'नाहीं' घालून पाहा, म्हणजे त्या नांवांतला सारा दम निघून जाईल. 'जाऊं नको' ही आज्ञा, 'जाऊं नये' हा रीतीभातीचा निषेध, आणि 'मला चहा नको' यांत तर एका शब्दांत इच्छेचा अभाव आला. इंग्रजीजवळ या सर्वांसाठीं मुख्यतः एकटा 'नॉट' हा गडी. 'देअर इज नो रोड हिअर', 'धिस इज नॉट द रोड', 'डू नॉट गो', 'वन शुड नॉट गो', 'आय डू नॉट वाँट टी': आपण जो भेद नकाराच्या शब्दानें दाखवितों, तो इंग्रजीला भोंवतालचे शब्द बदलून दाखवावा लागतो. म्हणून 'नाहीं' ला इंग्रजी शब्द कोणता, असा प्रश्न मुलानें विचारला तर त्याचें उत्तर देण्याच्या भरीस पडूं नये. त्याला पुरें वाक्य मागावें.

आतां हा 'नॉट' साध्या क्रियापदापाशीं एकटा उभा राहत नाहीं. 'इज', 'कॅन', 'विल' अशा साहाय्यक क्रियापदांना तो थेट चिकटतो. पण 'गो', 'ईट' यांच्याशीं त्याचें जमत नाहीं. तेथें 'डू' या मध्यस्थाला बोलवावें लागतें. पूर्वीं असें नव्हतें. १६११ सालीं छापलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत 'आय नो नॉट' अशीच रचना बहुधा आढळते. 'आय डू नॉट नो' ही रीत पुढें पक्की झाली. मध्यस्थ आला कीं काळ, पुरुष व वचन यांचें ओझें तो आपल्या शिरावर घेतो आणि मुख्य क्रियापद मोकळें होतें. 'ही गोज' याचा नकार 'ही डज नॉट गो'. मुलांना ही गोष्ट फार विचित्र वाटते. पण ती विचित्र मुळींच नाहीं, कारण आपण स्वतः रोज हेंच करतों. 'तो जातो' याचा नकार 'तो जातो नाहीं' असा कोणी करीत नाहीं. आपण म्हणतों 'तो जात नाहीं', 'तूं जात नाहींस', 'ते जात नाहींत'. 'जात' जागचा हालत नाहीं; प्रत्यय सगळे 'नाहीं' ला लागतात. एवढें एकदां फळ्यावर मांडून दाखविलें कीं 'डज नॉट गोज' लिहिणाराची खोड चार दिवसांत मोडते. 'डिड नॉट वेंट' ची खोड मात्र चिवट, आणि तिचेंही कारण मराठींतच आहे. भूतकाळांत आपण 'तो गेला नाहीं' म्हणतों. 'गेला' मधला भूतकाळ नकार आल्यावरही कायम राहतो. तेव्हां मुलगा 'वेंट' कायम ठेवतो यांत त्याचा मूर्खपणा नाहीं, उलट आपल्या भाषेशीं इमान आहे. त्यावर छडी उगारण्यापेक्षां 'तो गेला नाहीं' आणि 'तो जात नाहीं' यांतला फरक दाखविणें अधिक उपयोगी.

याहून मोठा खड्डा पुढें आहे. मराठी वाक्यांत नकाराचें ठाणें क्रियापदापाशीं, म्हणजे बहुधा वाक्याच्या अखेरीस असतें. 'कोणी', 'कांहीं', 'कधीं', 'कोठें' हे शब्द स्वतः नकाराचे नाहींत. 'कोणी आलें का?' या प्रश्नांत आणि 'कोणी आलें नाहीं' या उत्तरांत 'कोणी' एकच. इंग्रजीनें मात्र या एका शब्दाचे तीन केले आहेत: होकाराचा 'समबडी', प्रश्नाचा व नकारामागून येणारा 'एनीबडी', आणि ज्याच्या पोटांतच नकार आहे असा 'नोबडी'. आपला विद्यार्थी 'कोणी' साठीं 'नोबडी' घेतो, 'आलें नाहीं' साठीं 'डिड नॉट कम' घेतो, आणि 'नोबडी डिड नॉट कम' असें वाक्य मोठ्या विश्वासानें लिहितो. शिष्ट इंग्रजीच्या कानाला त्याचा अर्थ 'न आलेला असा कोणी नव्हता', म्हणजे झाडून सारे आले! दुसरा एखादा हुषार मुलगा 'एनीबडी डिड नॉट कम' लिहितो. त्याला नकार एकच हवा हें कळलें. पण 'एनी' ला आपल्या आधीं नकार लागतो, हें कोणी सांगितलेलें नसतें. खरें वाक्य अगदीं लहान: 'नोबडी केम'.

यासाठीं मी मुलांना एकच गोष्ट सांगत असें. इंग्रजी वाक्य डावीकडून वाचीत चला; नकाराला बसावयास जी पहिली जागा सांपडेल तेथें त्याला बसवा, आणि पुढें सर्वत्र 'एनी' चालवा. 'कोणी कोणाला कांहीं बोललें नाहीं' हें आपलें वाक्य घ्या. इंग्रजींत 'नोबडी सेड एनीथिंग टू एनीवन'. नकार दोन्हीकडे एकच. मराठींत तो शेवटच्या शब्दावर, इंग्रजींत पहिल्या.

एका उपवाक्यांत एकच नकार, हा इंग्रजीचा सनातन धर्म आहे असें मात्र कोणी समजूं नये. चौदाव्या शतकांतील कवि चॉसर यानें कँटरबरीच्या यात्रेकरूंचें वर्णन करतांना सरदाराची सभ्य वाणी सांगण्यासाठीं अवघ्या दोन ओळींत चार नकार एकापुढें एक रचले आहेत, आणि ते एकमेकांना खोडीत नाहींत. उलट एकमेकांच्या पाठीशीं उभे राहतात. शेक्सपिअरच्या नाटकांतही अशीं वाक्यें आहेत. पुढें शिष्ट लेखनांतून ही चाल मावळत गेली. दोन नकार मिळून होकार होतो, हा नियम जेम्स ग्रीनवुडच्या १७११ सालच्या व्याकरणांत सांपडतो. बिशप रॉबर्ट लौथ याचें व्याकरण १७६२ सालीं निघालें, त्याच्या पुढील आवृत्तींत तोच नियम आला. आणि लिंडले मरे याच्या १७९५ सालच्या व्याकरणानें तो शाळाशाळांत पोंचविला. व्याकरणकारांनीं दुहेरी नकार मारला असें म्हणतात, तें तितकेंसें खरें नाहीं; मरूं घातलेल्यावर त्यांनीं शिक्का मारला, इतकेंच. लोकांच्या बोलींत तो अजून जिवंत आहे. लंडनच्या कामगार वस्तींत किंवा अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या बोलींत दोन नकार येतात, तेव्हां तेथें होकार कोणी ऐकत नाहीं. १९६५ सालीं 'रोलिंग स्टोन्स' या मंडळीचें जें गाणें जगभर गाजलें, त्याच्या नांवांतच 'कांट' आणि 'नो' हे दोन नकार शेजारीं आहेत, आणि समाधान मिळत नाहीं असाच त्याचा अर्थ सर्वांनीं घेतला.

दुसऱ्या भाषांकडे पाहावें तर आमच्या वसईच्या किल्ल्यांत १५३४ पासून १७३९ पर्यंत ज्यांचा अंमल होता त्या पोर्तुगीजांची भाषाच पाहा. 'मीं कोणालाही पाहिलें नाहीं' असें म्हणतांना पोर्तुगीज मनुष्य क्रियापदापूर्वीं एक नकार घालतो आणि क्रियापदानंतर 'कोणीही नाहीं' अशा अर्थाचा दुसरा नकारी शब्द ठेवतो. तेथें तीच शुद्ध भाषा. एक नकार गाळला तर गुरुजी रागावतील. फ्रेंचमध्यें तर क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना नकाराचे दोन तुकडे असतात, 'न' आणि 'पा'. हा 'पा' म्हणजे मूळचें 'पाऊल'. आपण 'तो तसूभरही हालला नाहीं', 'त्यानें कवडीही दिली नाहीं' असें ठासून म्हणतों ना? त्याचप्रमाणें फ्रेंच लोक 'तो एक पाऊल चालत नाहीं' असें म्हणूं लागले. वापरतां वापरतां पाऊल झिजलें आणि नुसता नकार उरला. आज बोलण्यांत तर पुष्कळदां मूळचा 'न' च गळतो आणि एकटें 'पाऊल' नकाराचें काम करतें. इंग्रजीचा 'नॉट' देखील असाच. तो मूळ 'कांहींही वस्तु नाहीं' अशा अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. पहिला नकार दुबळा होतो, त्याच्या मदतीला दुसरा येतो, आणि शेवटीं मदतीला आलेलाच घरधनी होतो, हा फेरा डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यानें १९१७ सालच्या आपल्या निबंधांत उलगडून दाखविला आहे.

मग दोन नकारांचा होकार होतो हें खोटें काय? तसेंही नाहीं. संस्कृत शास्त्रकारांचा न्यायच आहे कीं दोन 'न' मिळून मूळचाच अर्थ समजावा. मराठींतही 'मला हें ठाऊक नाहीं असें नाहीं' याचा अर्थ ठाऊक आहे असाच होतो. 'तो आल्यावांचून राहणार नाहीं' म्हणजे खात्रीनें येणार. दोन्ही प्रकारांतला भेद मला दिसतो तो असा. एक नकार दुसऱ्या नकाराच्या वर बसला असेल, म्हणजे आधीं नाकारलेल्या सबंध गोष्टीलाच पुन्हां नाकारीत असेल, तर दोघांचा होकार होतो. पण दोन्ही एकाच पायरीवर, एकाच क्रियेभोंवतीं उभे असतील, तर होकार होतो कीं नकार बळकट होतो, हें त्या त्या भाषेच्या चालीवर आहे, तर्कशास्त्रावर नाहीं. शिष्ट इंग्रजीनें एक चाल धरली, पोर्तुगीजनें दुसरी. परीक्षेंत, कचेरींत आणि छापील कागदांत आपल्याला शिष्ट इंग्रजीची चाल पाळावयाची आहे. पण ती न पाळणारा अडाणी, असें म्हणण्याचें कारण नाहीं.

पायरी चढलेल्या नकाराचा इंग्रजांना मोठा शोक. 'नॉट अनहॅपी' म्हणजे सुखी नव्हे, दुःखीही नव्हे, मधलें कांहींतरी. आपल्या 'वाईट नाहीं' सारखें. याचा अतिरेक झाला तेव्हां जॉर्ज ऑर्वेल यानें १९४६ सालच्या एका निबंधांत त्याची यथेच्छ रेवडी उडविली. आपल्याकडे 'नाहीं म्हणावयास चार नारळ आले' असें म्हणतात, त्याचें इंग्रजी करून दाखविणारास मात्र मी आनंदानें चारही नारळ देईन.

आतां ज्या चुकीनें खरोखर नुकसान होतें तिच्याकडे वळतों. 'जोंपर्यंत पैसे मिळत नाहींत तोंपर्यंत माल सोडूं नये' हें निर्दोष मराठी वाक्य आहे. त्याचें इंग्रजी आपल्याकडील शिकलेसवरलेले लोकही 'अंटिल द मनी इज नॉट रिसीव्ह्ड, डू नॉट रिलीज द गुड्स' असें करतात. येथें 'नॉट' पहिल्या अंगांत नको आहे. कां नको, तें ध्यानांत घेतलें म्हणजे पुन्हां चूक होत नाहीं. मराठीचा 'जोंपर्यंत' काळाची लांबी मोजतो: पैसे न मिळण्याची स्थिति जितका वेळ चालू आहे तितका वेळ. ती स्थिति नकाराचीच, म्हणून तेथें 'नाहीं' हवाच. इंग्रजीचा 'अंटिल' लांबी मोजीत नाहीं. तो शेवटचा खुंट दाखवितो. खुंट कोणता? पैसे मिळाले तो क्षण. न मिळाले तो नव्हे. म्हणून 'अंटिल द मनी इज रिसीव्ह्ड'. 'नॉट' ठेवावयाचाच असेल तर 'अंटिल' काढून 'सो लाँग अ‍ॅज' घालावा.

गंमत अशी कीं खुंट दाखविणारी रचना मराठींतही आहे: 'पैसे मिळेपर्यंत', 'पाऊस पडेपर्यंत', 'गाडी सुटेपर्यंत'. यांत 'नाहीं' चा मागमूस नाहीं. म्हणून मुलांना सांगावें कीं 'जोंपर्यंत... नाहीं' असें वाक्य दिसलें कीं आधीं त्याचें 'पर्यंत' चें मराठी करा आणि मग इंग्रजी करा. 'विरारची गाडी जोंपर्यंत थांबत नाहीं तोंपर्यंत उतरूं नये'. म्हणजे 'गाडी थांबेपर्यंत उतरूं नये'. म्हणजे 'डू नॉट गेट डाउन अंटिल द ट्रेन स्टॉप्स'. 'अनलेस' चेंही असेंच. त्याच्या पोटांत 'जर नाहीं तर' अगोदरच आहे. 'तुम्ही सही केली नाहीं तर पैसे मिळणार नाहींत' याचें 'अनलेस यू डू नॉट साइन' केलें तर सही न करणारालाच पैसे मिळतील! येथें आधीं 'सही केल्याशिवाय' असें मराठी करावें. मग 'अनलेस यू साइन' आपोआप येतें. 'हार्डली', 'स्केअर्सली', 'सेल्डम' हे शब्दही असेच लपलेले नकार. त्यांच्या सोबतीला 'नॉट' देऊं नये, एवढें सांगून पुढें जातों.

'सर्व' या शब्दाशीं नकार आला कीं दोन्ही भाषा सारख्याच गोंधळतात. 'सगळीं मुलें उत्तीर्ण झालीं नाहींत' म्हणजे एकही झालें नाहीं, कीं कांहीं राहिलीं? 'चकाकतें तें सारें सोनें नसतें' ही म्हण आपण बरोबर समजतों, कारण ती म्हण आहे. इंग्रजींत संशय नको असेल तर 'नॉट ऑल' किंवा 'नन' यांपैकीं एक शब्द आरंभींच घालावा.

राहिली नकारार्थी प्रश्नाला उत्तर देण्याची रीत; आणि ज्यांची मुलें परदेशीं आहेत, जे स्वतः अधूनमधून तिकडे जातात, त्यांनीं इकडे विशेष लक्ष द्यावें. डॉक्टरनें विचारलें, 'आज औषध घेतलें नाहीं का?' आणि आपण घेतलें नसेल, तर मराठींत पुष्कळदां आपण म्हणतों, 'हो, नाहीं घेतलें.' हा 'हो' प्रश्न विचारणाराला आहे: तुम्ही म्हणतां तें बरोबर. इंग्रजीचा 'येस' विचारणाराकडे पाहत नाहीं. तो केवळ वस्तुस्थितीकडे पाहतो. औषध घेतलें असेल तर 'येस', नसेल तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. आपण सवयीनें नुसतें 'येस' म्हणालों, तर गोऱ्या डॉक्टरच्या वहींत औषध घेतल्याची नोंद होईल, आणि पुढची मात्रा तो त्या हिशोबानें ठरवील. यावर उपाय सोपा आहे. अशा प्रश्नाला एका शब्दांत उत्तर देऊंच नये. 'आय हॅव नॉट टेकन इट' असें पुरें वाक्य म्हणावें. वयस्क माणसांना तर मी सांगतों कीं 'येस' आणि 'नो' हे दोन्ही शब्द घरीं ठेवून जावें आणि क्रियापदानिशीं बोलावें.